मनाचेही जोर-बैठका: खेळाच्या मानसशास्त्राकडे पहिल्यांदा वळणाऱ्यांसाठी

तालुका पातळीवरच्या शालेय कबड्डीत हे दृश्य दरवर्षी दिसतं. सरावात कुणाच्या हाती न लागणारा पोरगा सामन्यात मध्यरेषा ओलांडतो आणि त्याचे पाय जड होतात. चढाईत ओलांडावीच लागते ती 'निदान रेषा' कशीबशी ओलांडून परत येतो. कडेला उभे असलेले सर ओरडतात, "अरे, मन लावून खेळ! टेन्शन घेऊ नको!" पोरगा मान हलवतो. पुढच्या चढाईला पुन्हा तेच.

त्याच सरांनी त्याला जोर शिकवताना "दंड मजबूत कर" एवढं सांगून सोडलं नव्हतं. हात किती अंतरावर ठेवायचे, छाती कुठवर न्यायची, किती मारायचे, पुढच्या आठवड्यात किती वाढवायचे, सगळं सांगितलं होतं. मनाच्या बाबतीत मात्र नुसते हुकूम: शांत राहा, आत्मविश्वास ठेव, लक्ष दे. हे करायचं कसं, ते कुणी सांगत नाही. मी शाळेच्या मैदानावर मुलांना कबड्डी शिकवतो आणि सुरुवातीची बरीच वर्षं मीही असे हुकूमच सोडत होतो. नंतर खेळाच्या मानसशास्त्राचा अभ्यास सुरू केला, तेव्हा कळलं की इथेही जोर-बैठकांसारखे मोजून करायचे व्यायाम आहेत. ते इथे त्याच क्रमाने देतो, ज्या क्रमाने मी मुलांना देतो. खेळाडू, शिक्षक, पालक, किंवा डॉक्टरांनी "रोज चाला" म्हणून सांगितलेला माणूस, कुणालाही सुरुवात करता येईल.

हे शास्त्र काही कालपरवाचं नाही. १८९८ साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यांना दिसलं की सायकलस्वार एकटे असताना जेवढे धावतात, त्याहून सोबत कुणी असताना जास्त वेगाने जातात. मग त्यांनी ४० मुलांना मासेमारीच्या गळाचं रीळ फिरवायला लावलं, आधी एकट्याने आणि मग स्पर्धेत. साधारण निम्मी मुलं स्पर्धेत वेगवान झाली. दहांना फारसा फरक पडला नाही. आणि उरलेली दहा मुलं बिघडली, त्यांचे हात अडखळू लागले. पाठ्यपुस्तकांत बहुतेक वेळा पहिल्या निम्म्यांचीच गोष्ट येते. मला मात्र त्या शेवटच्या दहांची काळजी वाटते, कारण माझ्या मैदानावर ती दरवर्षी असतात. गर्दी तीच, आरडाओरडा तोच, पण एका पोराला त्यातून बळ मिळतं आणि दुसऱ्याचं बळ जातं. म्हणून पहिली पायरी भाषणाची नाही, निरीक्षणाची.

पायरी १: वही घाला

शंभर पानी साधी वही पुरेल. सामना किंवा महत्त्वाचा सराव सुरू होण्याआधी दहा मिनिटं त्यात तीन गोष्टी लिहायच्या. अंगातली धग ० ते १० मध्ये किती? (० म्हणजे झोप येतेय, १० म्हणजे हात थरथरतायत.) ती अंगात कुठे जाणवतेय: पोटात, मांड्यांत, घशात, तळव्यांत? आणि डोक्यात कुठलं वाक्य फिरतंय? खेळ संपल्यावर शेजारी लिहायचं, आज किती चांगला खेळलो, पुन्हा ० ते १०. हरलो की जिंकलो याचा इथे संबंध नाही. हरलेल्या सामन्यातही माणूस आठचा खेळ खेळलेला असतो.

सात-आठ नोंदी झाल्या की आकडे बोलू लागतात. या धगीला शास्त्रात उत्तेजना म्हणतात. रॉबर्ट यर्कीज आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगातून एक नियम पुढे आला. काम अवघड असेल तर चुकल्यावर बसणारा विजेचा धक्का फार सौम्यही चालत नाही आणि फार जोराचाही नाही, मधला असेल तेव्हा शिकणं सर्वांत चांगलं होतं. खेळात हा नियम उलट्या 'यू'च्या आकाराने दाखवतात: धग वाढते तसा खेळ सुधारतो, एका टोकाला पोचतो आणि मग घसरतो. पण तो प्रयोग उंदरांवरचा होता, हे लक्षात ठेवा. सगळ्या माणसांचं टोक एकाच ठिकाणी नसतं. युरी हानिन यांनी खेळाडूंच्या अभ्यासातून हेच मांडलं, की ज्याच्या-त्याच्या चांगल्या खेळाचा पट्टा वेगळा असतो. कुणी तीनवर उत्तम खेळतो, कुणी आठवर. खेळाप्रमाणेही फरक पडतो. वजन उचलणाऱ्याला जी धग लागते, ती नेमबाजाच्या बोटात आली तर गोळी भलतीकडे जाईल.

म्हणून संघातल्या सगळ्यांना एकत्र उभं करून घोषणा द्यायला लावणं मी बंद केलं. ज्याचा पट्टा सात-आठचा आहे, त्याला घोषणा देऊ द्या. ज्याचा तीन-चारचा आहे, त्याला कोपऱ्यात एकटं बसू द्या. तो घाबरलेला नाही, तयारी करतोय.

वहीतली आणखी एक गोष्ट पाहा. धडधड, घाम, पोटात गोळा ही अंगाची चिंता. "माझ्यामुळे हरलो तर?" ही डोक्याची चिंता. अंगाची चिंता खेळ सुरू झाल्यावर बहुतेकदा आपोआप उतरते. डोक्याची मात्र प्रत्येक चुकीबरोबर वाढू शकते. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. कुठली चिंता आहे हे न पाहता सगळ्यांना "दीर्घ श्वास घे" सांगणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता गोळी देणं.

पायरी २: श्वास आणि नाव

अंगाच्या चिंतेसाठी श्वास. नाकाने चार आकडे मोजत आत, तोंडाने सहा आकडे मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांब असलं पाहिजे, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. पाच ते सहा फेऱ्या, एक मिनिट. हे सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. पंधरा दिवस रोज रात्री अंथरुणावर करा, मग सरावात दोन चढायांच्या मध्ये, आणि त्यानंतरच सामन्यात. जो श्वास घरी बसलेला नाही तो मैदानावर सापडत नाही.

ज्याची धग आधीच दोनवर आहे, त्याने हे करू नये. त्याने जागच्या जागी दहा उड्या माराव्यात, मांडीवर थापा माराव्यात. कुस्तीत पैलवान दंड-मांडी ठोकतो, ते काही नुसतं समोरच्याला दाखवण्यासाठी नसतं.

डोक्याच्या चिंतेसाठी एक साधी युक्ती आहे, आणि माझ्या मुलांना तिचा सर्वांत जास्त उपयोग झाला. हार्वर्डमधल्या अलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना परक्यांसमोर गाणं म्हणायला, भाषण करायला, गणित सोडवायला लावलं. त्याआधी काहींनी स्वतःला शांत व्हायला सांगितलं, काहींनी "मला उत्साह वाटतोय" असं म्हटलं. दुसऱ्या गटाची कामगिरी सरस ठरली. कारण उघड आहे. भीतीत आणि उत्साहात छाती सारखीच धडधडते, फरक फक्त आपण तिला काय नाव देतो यात. धडधडणाऱ्या छातीला "शांत हो" म्हणणं म्हणजे उतारावरच्या गाडीला एकदम मागे घ्यायला सांगणं. "अंग तयार होतंय" म्हणणं सोपं, आणि खरंही. माझी मुलं म्हणतात, "इंजिन तापलं."

पायरी ३: ध्येयाचे तीन डबे

हे लवकर आटोपतं. "जिल्हा संघात निवड व्हायची आहे" हे निकालाचं ध्येय. ते निवड समितीच्या, पंचांच्या आणि इतर मुलांच्या खेळावर अवलंबून आहे. "दर सामन्यात किमान चार गुण आणायचे" हे कामगिरीचं ध्येय. "चढाईत शिरल्यावर आधी डाव्या कोपरारक्षकाचे पाय बघायचे" हे कृतीचं ध्येय, ते पूर्णपणे तुमच्या हातात. तिन्ही वहीत लिहा. निकालाचं ध्येय पहिल्या पानावर असू द्या, पहाटे पाचला उठवायला ते उपयोगी पडतं. पण मैदानात शिरताना फक्त तिसऱ्या डब्यातली एक गोष्ट बरोबर न्यायची. दोन नाही, एक.

पायरी ४: लक्ष कुठे ठेवायचं

"लक्ष दे" हे अर्धं वाक्य आहे. कशाकडे, ते सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. रॉबर्ट नायडेफर यांनी १९७० च्या दशकात लक्षाचे दोन आडवे-उभे धागे दाखवले: ते रुंद असतं किंवा अरुंद, आत वळलेलं असतं किंवा बाहेर. म्हणजे लक्षाच्या चार खोल्या झाल्या. कबड्डीतली चढाई याचा उत्तम नमुना आहे. मध्यरेषेवर उभं असताना लक्ष रुंद आणि बाहेर हवं: सात जण कसे उभे आहेत, साखळी कुठे जोडलीय, कोण पुढे सरकलाय. मग क्षणभर रुंद आणि आत: गुण किती, ही कितवी चढाई, बोनस घ्यायचा का. शिरल्यावर अरुंद आणि बाहेर: एकाच रक्षकाचं पाऊल. हे सगळं ३० सेकंदांत. गडबड होते ती पोरगा चुकीच्या खोलीत अडकतो तेव्हा. चढाई सुरू झालीय आणि तो अजून आतच आहे, "ही तिसरी चढाई, गुण आणला नाही तर मी बाद" हेच घोकतोय.

दबावाखाली चांगले खेळाडू का कोसळतात, यावर शान बायलॉक आणि सहकाऱ्यांचा २००२ सालचा एक प्रयोग मला फार शिकवून गेला. अनुभवी फुटबॉलपटूंना चेंडू पायाने खेळवत नेताना आपल्या पायाच्या कुठल्या भागाला चेंडू लागतोय याकडे लक्ष द्यायला सांगितलं. त्यांच्या सरावाच्या, म्हणजे उजव्या पायाचा वेग घटला. नवशिक्यांचं मात्र उलट झालं, लक्ष दिल्याने त्यांचा खेळ सुधारला. जी कला अंगात मुरली आहे, ती दबावाच्या क्षणी पुन्हा सुटी करून पाहायला गेलं की तिचे सांधे निखळतात. सायकल चालवताना "आता कुठला पायडल खाली जातोय" असा विचार करून पाहा.

यातून शिक्षकांसाठी नियम निघतो. नवीन मुलाला सरावात "गुडघा वाक, टाच उचल" सांगा, भरपूर सांगा. पण चार वर्षं खेळलेल्या मुलीला सामना चालू असताना कडेवरून "हात लांब कर, कंबर खाली!" असं सांगणं थांबवा. तिला मदत करतोय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण तिच्या अंगातली मुरलेली कला उकलून तिच्या हातात देत असतो.

गॅब्रिएल वुल्फ यांच्या १९९८ पासूनच्या प्रयोगांतून आणखी एक बारकावा पुढे आला. लक्ष स्वतःच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा त्या हालचालीच्या बाहेरच्या परिणामावर ठेवलं तर बहुधा जास्त चांगलं शिकलं जातं. लांब उडीच्या मुलाला "पाय जोरात दाब" म्हणण्यापेक्षा "फळी मागे ढकल" म्हणा. धावणाऱ्याला "गुडघे उचल" म्हणण्याऐवजी "जमीन तापलीय" म्हणा. शब्द बदलला की पाय बदलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पायरी ५: स्वतःशी काय बोलायचं

प्रत्येक खेळाडू खेळताना स्वतःशी बोलत असतो. प्रश्न एवढाच की काय बोलतो. आठवडाभर वहीत ती वाक्यं जशीच्या तशी उतरवा, शिव्यांसकट. मग त्यांची जागा घेणारे शब्द निवडा. तीन अटी: शब्द छोटा हवा, तुमच्या घरच्या बोलीतला हवा, आणि त्यात "नको" नसावं.

"नको" का नसावं? १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं सांगितलं. अस्वल पुन्हा पुन्हा आलंच. "मधे अडकू नको" असं स्वतःला सांगणाऱ्या चढाईपटूच्या डोळ्यांसमोर अडकल्याचं चित्रच उभं राहतं. "कडेने नीघ" म्हणा. गोलंदाजाला "वाइड टाकू नको" ऐवजी "ऑफस्टंपचं टोक" म्हणा.

शब्द दोन प्रकारचे. काय करायचं ते सांगणारे ("नजर पायावर", "हळू ओढ") नेमबाजी, बॅडमिंटनची सर्व्हिस, कॅरम अशा नाजूक कामांत जास्त उपयोगी पडतात. बळ देणारे ("उचल!", "अजून आहे!") ताकदीच्या आणि दमाच्या कामांत. मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरला तंत्राचा सल्ला ऐकायला कुणाला वेळ असतो?

आणि हो, शब्द मराठीतच पाहिजे असं नाही, पण स्वतःचा पाहिजे. सरांनी संघाला वाटलेला एकच इंग्रजी शब्द ओठांवर येतो, अंगात शिरत नाही. माझ्या संघातल्या एका मुलीचा शब्द "भाकर" आहे. आजी भाकरी थापते तशा एका लयीत पाय पडले पाहिजेत, म्हणून.

पायरी ६: ठरलेला क्रम

सगळ्या पायऱ्यांतली एकच करायला वेळ असेल तर ही करा.

ठरलेला क्रम म्हणजे कृतीच्या आधीच्या काही सेकंदांत दर वेळी त्याच गोष्टी त्याच ओळीने करणं. नेमबाजाकडे पाहा. ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून २०-२० अशा ६० गोळ्या असतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये याच प्रकारात कांस्य जिंकलं. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या हेलसिंकीमधल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. साठही गोळ्यांना रायफल खांद्यावर घेणं, गाल टेकवणं, श्वास, नजर, बोट हा क्रम बदलून चालत नाही. पहिली गोळी असो की पदक ठरवणारी, अंगाला दोन्ही सारख्याच वाटल्या पाहिजेत.

तुमचा क्रम बांधायला चार तुकडे पुरतात. अंगाची एक खूण (हाताला माती लावणं, बॅट दोनदा टेकवणं). एक लांब उच्छ्वास. नजरेला एक ठिकाण. आणि पाचव्या पायरीतला तुमचा शब्द. एकूण पाच ते दहा सेकंद. कबड्डीत याला उत्तम जागा आहे: वाकून मध्यरेषेला हात लावण्याचा क्षण. बहुतेक चढाईपटू तसाही तो लावतात. त्या नमस्कारात उच्छ्वास, नजर आणि शब्द ओवले की क्रम तयार. तीन आठवडे सरावातल्या प्रत्येक चढाईला तो करा. आळस आला तरी, हसू आलं तरी. मग तिसऱ्या चढाईच्या दबावात डोकं कोरं झालं तरी हात रेषेला लागेल आणि बाकीचं त्यामागून येईल.

हा क्रम म्हणजे अंधश्रद्धा नाही. लाल रुमाल खिशात असला तरच जिंकतो असं मानणारा रुमाल हरवल्यावर मोडतो. क्रमातली प्रत्येक गोष्ट तुमच्या अंगात आहे, ती बसमध्ये विसरत नाही. मुलांना हा फरक समजावून सांगा, त्यांच्या श्रद्धेची चेष्टा न करता.

बिघाडाचाही सराव करा. नेमबाज अभिनव बिंद्रा २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत सातवा आला. तिथे तो उभा होता ती फरशी सैल होती, हे त्याला नंतर कळलं. पुढच्या तयारीत त्याने घरच्या रेंजवर मुद्दाम सैल फरशी बसवून सराव केला. २००८ मध्ये बीजिंगला १० मीटर एअर रायफलमध्ये ७००.५ गुणांसह सुवर्ण, भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. आपल्याकडे सैल फरश्यांना तोटा नाही: उखडलेलं मैदान, दोन तास उशिरा सुरू होणारा सामना, कानाशी वाजणारा भोंगा, प्रेक्षकांचे टोमणे. महिन्यातून एक सराव असा बिघडवून घ्या.

पायरी ७: डोळे मिटून सराव

मनात चित्र पाहणं म्हणजे दिवास्वप्न नव्हे. गळ्यात हार पडलाय हे चित्र सुखद असतं, पण त्याने चढाई सुधारत नाही. चित्र कृतीचं हवं. उभं राहून, खेळाचे कपडे घालून, जमलं तर त्याच मैदानावर. वेग खऱ्या खेळाइतका: ३० सेकंदांची चढाई मनातही ३० सेकंदच. घड्याळ लावून पाहा, सुरुवातीला बहुतेकांची बारा सेकंदांत संपते. आतून पाहा, स्वतःच्या डोळ्यांनी. मातीचा वास, अंगाला लागलेली चिखलाची ओल, ओठांवरचा "कबड्डी कबड्डी" हेही असू द्या. रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नको.

आणि अडचणीचंही चित्र पाहा, सुटकेसकट. जलतरणपटू मायकेल फेल्प्सचे प्रशिक्षक बॉब बोमन त्याला शर्यत रोज मनात पाहायला लावत, बिघाडांसह. १३ ऑगस्ट २००८ ला बीजिंगमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं आणि दिसेनासं झालं. हाताचे फटके मोजत तो भिंतीपर्यंत गेला: सुवर्ण, १ मिनिट ५२.०३ सेकंद, विश्वविक्रम.

संघासाठी एक टीप

फ्रान्सचे शेतीतज्ज्ञ मॅक्स रिंगेलमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसांना दोरी ओढायला लावून ताकद मोजली. माणसं वाढली की एकूण ओढ वाढायची, पण माणशी ओढ घटायची. थोडा दोष ताल न जुळण्याचा, थोडा "एवढे जण आहेत की" या भावनेचा. गावच्या रस्सीखेचीत आपण हे पाहतोच. उपाय एकच: प्रत्येकाचा वाटा मोजला जातोय हे त्याला दिसलं पाहिजे. कबड्डीत पकड एका रक्षकाच्या नावावर लागते, पण साखळी तुटू न देणाऱ्या दुसऱ्याचं नाव कुणी लिहीत नाही. तुमच्या वहीत लिहा आणि सामन्यानंतर सगळ्यांसमोर वाचा.

पालकांशी थोडं

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतानुसार माणूस एखाद्या गोष्टीत टिकून राहतो तो तीन भुका भागल्या तर: हे मी निवडलंय, हे मला जमतंय, इथे माझी माणसं आहेत. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीच्या काही मुलांना "चित्र काढलं तर बक्षीस मिळेल" असं आधीच सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात ती मुलं चित्रांकडे आधीपेक्षा कमी वळली. ज्यांना असं काही सांगितलं नव्हतं, त्यांची आवड टिकली.

आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. हे असावंच, गरीब घरातल्या मुलांना त्याने खेळायची परवानगी मिळते. पण घरात रोज त्याचंच बोलणं असेल तर गुण पदरात पडताच मूल मैदान सोडतं. दहावीनंतर गायब झालेल्या किती चांगल्या खेळाडूंची नावं मी सांगू शकेन!

सामन्याहून परतताना गाडीवर मागे बसलेल्या मुलाला सामन्याचं विश्लेषण ऐकवू नका. "भूक लागलीय का?" एवढं विचारा. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. दुसऱ्या दिवशी विचारायचं असेल तर तीन प्रश्न: काय जमलं, काय शिकलास, पुढच्या सरावात काय करून बघणार? वहीतही तेच तीन प्रश्न.

स्पर्धा खेळायची नाही, फक्त व्यायाम टिकवायचा आहे

या शास्त्राचा दुसरा अर्धा भाग तुमच्यासाठी आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. हा आकडा माहीत असूनही लोक दोन आठवड्यांत सोडतात. इच्छाशक्ती कमी म्हणून नव्हे, बांधणी चुकते म्हणून.

"उद्यापासून चालणार" असं न म्हणता पीटर गोलविट्झर यांच्या पद्धतीने "जेव्हा-तेव्हा" वाक्य लिहा: "सकाळी दुधाची पिशवी फ्रिजमध्ये ठेवली की तेव्हाच चपला काढून बूट घालणार." वेळ, जागा आणि आधीची सवय, तिन्ही त्यात हवं. पहिल्या आठवड्यात फक्त दहा मिनिटं, कारण अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडल्याप्रमाणे "मला जमेल" हा विश्वास सर्वांत जास्त बळ घेतो ते स्वतः करून जमलेल्या गोष्टीतून. त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं पाहून. म्हणून प्रेरणा घ्यायची तर पिळदार शरीराच्या नटाकडून नको, शेजारच्या त्याच वयाच्या, तेवढ्याच वजनाच्या बाईंकडून घ्या.

वेग इतका ठेवा की चालताना बोलता येईल, गाणं म्हणता येणार नाही. पहिल्याच दिवशी धापा टाकल्या तर अंगाला तो त्रास लक्षात राहतो आणि उद्या ते अंथरुणातून निघत नाही. एक दिवस चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं का होईना, बूट घाला.

कुठे थांबायचं

वरचं सगळं सामान्य धडधडीसाठी आहे. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण तुटलं किंवा वजन गटासाठी मूल लपून उपाशी राहतंय, मैदानाचं नाव काढताच रडू येतंय, दुखापतीनंतर "मी आता कुणीच नाही" असं बोलतंय, जगण्याचाच कंटाळा बोलून दाखवतंय, तर ही वही बाजूला ठेवा. हे प्रशिक्षकाचं काम नाही, प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाचं किंवा मानसोपचारतज्ज्ञाचं आहे. त्यांच्याकडे जाताना शिक्षण आणि नोंदणी विचारायला संकोच करू नका. चालू असलेली औषधं व्यायामाच्या भरवशावर परस्पर बंद करू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने हवेत दिशेचं भान सुटतंय हे ओळखून सांघिक अंतिम फेरी सोडली. जिम्नॅस्टिक्समध्ये त्या अवस्थेत उडी घेणं म्हणजे मानेवर पडण्याचा धोका. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णं जिंकली. माझ्या संघातलं कुणी "सर, आज मला नाही जमणार" असं म्हणालं, तर मी आता पहिल्यांदा त्याला पाणी देतो, शेजारी बसवतो आणि बदली खेळाडूला हाक मारतो. कारण नंतर विचारतो.